उपहास, करुणा आणि उपजीविका : हार्वे कर्ट्झमन यांच्या कारकिर्दीतून उभा राहणारा एक प्रश्न

हसणाऱ्याला सत्य दिसलेले असते की हसण्याच्या भरात ते त्याच्या नजरेआड होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे आणि त्याची उत्तरे बहुधा हसणाऱ्याच्या विरोधात गेली आहेत. प्लेटोने ‘फिलीबस’ या संवादात हास्यास्पदतेचे मूळ माणसाच्या स्वतःविषयीच्या अज्ञानात शोधले आणि दुसऱ्याच्या त्या अज्ञानाला हसताना सुखात मत्सराची वेदनाही मिसळलेली असते, असे दाखवले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज याने हसण्याचा संबंध दुसऱ्याच्या उणिवेपुढे स्वतःच्या थोरवीच्या अचानक होणाऱ्या जाणिवेशी जोडला. आणि १९०० साली प्रसिद्ध झालेल्या हास्यावरील प्रबंधात आँरी बर्गसाँ याने असे प्रतिपादन केले की, हसू येण्यासाठी हृदय घटकाभर बधिर व्हावे लागते. या तिघांच्या भूमिका वेगवेगळ्या असल्या तरी त्या एकत्र ठेवल्यावर एकच निष्कर्ष पुढे येतो : हसणारा आणि कळवळणारा एका क्षणी एकच माणूस असू शकत नाही. धर्मचिंतनाला हा निष्कर्ष अडचणीचा आहे, कारण दांभिकांची खरपूस टवाळी करणारे द्रष्टे आणि संत अनेक धर्मपरंपरांत पूज्य ठरले आहेत आणि त्याच परंपरांनी करुणेला धर्माचे लक्षण मानले आहे.

या प्रश्नाची कसोटी ग्रंथांतील व्याख्यांवर घेता येते तशी ती एखाद्या लेखकाच्या आयुष्यभराच्या कामावरही घेता येते, आणि त्यासाठी अमेरिकन चित्रकथाकार व विनोदकार हार्वे कर्ट्झमन (१९२४–१९९३) यांच्याइतके योग्य उदाहरण सापडणे कठीण आहे. जगभर ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकाचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाने त्याच काळात, त्याच कचेरीत बसून, युद्धावरच्या अत्यंत गंभीर चित्रकथाही लिहिल्या. पुढे तीन नियतकालिके काढली आणि ती एकामागून एक बंद पडलेली पाहिली. आणि कारकिर्दीचा उत्तरार्ध ‘प्लेबॉय’ या मासिकासाठी एक रंगीत चित्रमालिका लिहिण्यात घालवला. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीतून एकाऐवजी दोन प्रश्न उभे राहतात. उपहास आणि करुणा एका मनात नांदू शकतात का, हा पहिला. आणि ज्या खोटेपणाचा उपहास करायचा त्याच्याच घरचे अन्न खाऊन उपहास खरा राहू शकतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कर्ट्झमन यांच्या कामात निःसंदिग्धपणे मिळते. दुसरा अधिक दुखरा आहे आणि या लेखाचा रोख मुख्यतः त्याच्यावर आहे.

कर्ट्झमन यांचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ओदेसाहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरी झाला. त्यांच्या वडिलांनी ‘ख्रिश्चन सायन्स’ हा पंथ स्वीकारला होता. मेरी बेकर एडी यांनी एकोणिसाव्या शतकात स्थापन केलेल्या या पंथाची शिकवण अशी की, जडद्रव्य आणि रोग यांना अंतिम सत्यता नाही, ती मनाची भ्रांती आहे आणि तिच्यावरचा खरा उपाय प्रार्थना हाच आहे. पोटातील व्रणातून रक्तस्राव होऊ लागला तेव्हा वडिलांनी वैद्यकीय उपचार नाकारून प्रार्थनेवर विसंबण्याचे ठरवले आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. हार्वे तेव्हा जेमतेम चार वर्षांचे होते. आईची मिळकत अपुरी पडत असल्याने भावंडांना काही काळ अनाथालयात राहावे लागले, आणि नंतर आईने छपाईच्या धंद्यातील एका कामगार कार्यकर्त्याशी पुनर्विवाह केल्यावर घर पुन्हा उभे राहिले. बालपणीच्या एका घटनेतून माणसाचे सगळे पुढचे लेखन काढून दाखवण्याची चरित्रकारांची सवय विश्वासार्ह नसते आणि येथे तिचा आधार घेण्याचे कारणही नाही. परंतु दिसणाऱ्या वस्तुस्थितीपेक्षा सांगितलेली गोष्ट मोठी मानली तर केवढी किंमत मोजावी लागते, या विषयाकडे हा लेखक आयुष्यभर परत परत वळला, एवढे त्याच्या कामावरून म्हणता येते.

ज्या प्रकाशनसंस्थेत त्यांचे नाव झाले तिचा उगमही धर्मकथांशी जोडलेला होता. अमेरिकन कॉमिक्स उद्योगाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मॅक्स गेन्स यांनी बायबलमधील कथांची चित्रमालिका काढली होती आणि ‘एज्युकेशनल कॉमिक्स’, म्हणजे शैक्षणिक चित्रकथा, या नावाने स्वतःची संस्था थाटली होती. १९४७ मध्ये नौकेच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यावर पुत्र विल्यम गेन्स यांच्याकडे ही संस्था आली. त्यांनी नावातील ‘एज्युकेशनल’ काढून ‘एंटरटेनिंग’ केले, आद्याक्षरे मात्र तीच ठेवली, आणि भयकथा, गुन्हेकथा व विज्ञानकथा छापायला सुरुवात केली. कर्ट्झमन तेथे काम शोधत आले ते एकेका पानाच्या विनोदी चित्रांचा अनुभव गाठीशी घेऊन. १९५० च्या अखेरीस त्यांच्या संपादनाखाली ‘टू-फिस्टेड टेल्स’ आणि पुढच्या वर्षी ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ ही चित्रकथा-नियतकालिके निघू लागली. कोरियातील युद्ध तेव्हा चालू होते आणि युद्धकथांची बाजारातील रीत अशी होती की, आपला शिपाई शूर, शत्रू पशुवत आणि मरण म्हणजे दुसऱ्या बाजूला घडणारी गोष्ट.

कर्ट्झमन यांनी ही रीत मोडली ती कोणताही उपदेश न करता, निव्वळ तपशिलाच्या बळावर. बंदूक कोणत्या सालातली, गणवेशाला गुंड्या किती, एखाद्या जुन्या लढाईत नदी कोणत्या बाजूने ओलांडली गेली, हे शोधण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात तासन्‌तास घालवत. कथा स्वतः लिहीत. इतकेच नव्हे तर प्रत्येक चौकटीचा कच्चा आराखडा स्वतः काढून चित्रकाराच्या हाती देत आणि त्यात फेरफार खपवून घेत नसत. ‘कॉर्प्स ऑन द इमजिन’ ही १९५२ च्या आरंभीची, त्यांनी स्वतः लिहिलेली आणि स्वतः चितारलेली कथा या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहे. इमजिन नदीच्या काठी एक अमेरिकन शिपाई शिध्याचा डबा उघडून बसला आहे आणि पाण्यावर तरंगत जाणाऱ्या एका प्रेताकडे पाहत हा माणूस कशाने मेला असेल याचा तर्क करतो आहे. दुरून मारणाऱ्या शस्त्रांच्या या दिवसांत हातघाईची लढाई आता कोण करतो, असा विचारही त्याच्या मनात येतो. तेवढ्यात भुकेला उत्तर कोरियन सैनिक त्याच्यावर झेप घेतो. पुढच्या चौकटींत शौर्याचा मागमूस नाही. आहेत ते पाण्यात धडपडणारे दोन देह, शत्रूचे डोके पाण्याखाली दाबून धरणारे हात, आणि तीच कृती पुन्हा पुन्हा दाखवणाऱ्या, जवळपास एकसारख्या चौकटी, ज्यांतून मरायला किती वेळ लागतो हे वाचकाच्या अंगावर येते. झुंज संपते, शिपाई निघून जातो आणि नदीत आता दुसरे प्रेत वाहू लागते. पहिल्या प्रेताकडे अलिप्तपणे पाहणारा वाचक या प्रेताकडे तसा पाहू शकत नाही, कारण त्याच्या मरणाचा एकेक क्षण त्याने जवळून पाहिलेला असतो.

त्याच वर्षीची ‘बिग इफ’ ही कथा अधिक उघडपणे तत्त्वचिंतनाकडे वळते. कोरियन खेड्यांच्या वेशीवर रौद्र मुद्रेचे, गावाचे अरिष्टांपासून रक्षण करणारे लाकडी खांब उभे करण्याची प्रथा होती; अशा खांबांपुढे बसलेला एक शिपाई मनाशी घोकतो आहे की, अमुक वळणावर आपण थांबलो नसतो तर, तमुक क्षणी पुढे गेलो असतो तर. त्याच्या पाठीत तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला आहे हे वाचकाला हळूहळू कळते. दैव, नियती किंवा प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्माचा भोगायला सुरुवात झालेला वाटा, या कल्पनांनी भारतीय परंपरा ज्या जागी उत्तर देते, ती जागा या कथेत मोकळी ठेवलेली आहे. खांबांचे चेहरे काही बोलत नाहीत आणि लेखकही त्यांच्या वतीने बोलत नाही. दुःखाचे कारण सांगून टाकले की दुःखाकडे पाहणे थांबते, आणि कर्ट्झमन यांना वाचकाने पाहणे थांबवलेले नको होते.

हाच माणूस १९५२ च्या उत्तरार्धात ‘मॅड’ काढतो, यात वरवर दिसते तशी विसंगती नाही. ‘मॅड’चा जन्म कसा झाला हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढच्या विवेचनात ते कामी येणार आहे. संस्थेत मोबदला अंकांच्या संख्येवर मिळे. सहकारी संपादक अल फेल्डस्टाइन भराभर अनेक अंक काढत आणि अभ्यासात बुडालेल्या कर्ट्झमन यांच्या दोन नियतकालिकांवर त्यांचे भागत नसे. त्यामुळे फारसे संशोधन न लागणारे एक विनोदी नियतकालिक काढून मिळकत वाढवावी, असा व्यवहारी हिशेब या उपक्रमामागे होता. अमेरिकन विनोदाला नवे वळण देणारे हे नियतकालिक घरखर्चाच्या गरजेतून निघाले.

‘मॅड’चे मुख्य साधन विडंबन हे होते. विडंबन म्हणजे एखाद्या प्रसिद्ध कृतीची शैली, पात्रे आणि थाट तसाच ठेवून त्यात असे काही घालणे की तिचा पोकळपणा आपोआप उघडा पडावा. भारतीय साहित्यशास्त्राने या व्यापाराचे जे विश्लेषण केले आहे ते पाश्चात्त्य उपपत्तींपेक्षा कर्ट्झमन यांच्या कामाला अधिक जवळचे वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याच्या विभावांत, म्हणजे हास्य जागवणाऱ्या कारणांत, विकृत वेश आणि असंबद्ध बोलणे यांच्याबरोबर दोषोदाहरण, म्हणजे दोष दाखवून देणे, हेही सांगितले आहे. आणि त्यावर भाष्य करताना अभिनवगुप्तांनी असा सिद्धांत मांडला की, अनौचित्य, म्हणजे योग्य जागी योग्य गोष्ट नसणे, हेच हास्याचे मूळ असून कोणत्याही रसाचा आभास हास्याला जन्म देऊ शकतो. वीररसाची सगळी सामग्री जमवली आणि आतले वीरत्वच काढून घेतले, तर जे उरते ते हास्यास्पद होते. १९५३ मध्ये वॉली वुड यांनी चितारलेले ‘सुपरड्यूपरमॅन’ हे याचे नेमके उदाहरण आहे. त्यातला नायक अफाट शक्तीचा धनी आहे, पण भिंतीपलीकडचे पाहण्याची दिव्य दृष्टी तो स्त्रियांच्या स्वच्छतागृहात डोकावण्यासाठी वापरतो. त्याचा प्रतिस्पर्धी महावीर सत्कार्य सोडून पैशामागे लागला आहे. आणि अखेर आपले खरे रूप प्रकट करूनही नायकाला नायिकेचे प्रेम मिळत नाही, कारण क्षुद्र माणूस अंगरखा बदलल्याने थोर होत नाही, हे तिला कळलेले आहे. शक्ती आणि सद्गुण एकाच देहात आपोआप नांदतात, हे कॉमिक्सने मुलांना शिकवलेले खोटे या आठ पानांत मोडीत निघाले.

युद्धकथा आणि विडंबन यांमधला सांधा येथे दिसतो. युद्धाविषयीच्या खोट्या कथेने माणसाचे मरण झाकले जात होते, तर महावीराच्या खोट्या कथेने माणसाचा क्षुद्रपणा. दोन्ही ठिकाणी कर्ट्झमन यांनी तेच केले, म्हणजे सांगितली जाणारी कथा आणि प्रत्यक्ष घडणारी गोष्ट एकमेकींशेजारी ठेवली. पहिल्या जोडीतून करुणा उपजली आणि दुसरीतून हसू, पण पाहणारी नजर एकच होती. बर्गसाँच्या सिद्धांतात हृदयाची बधिरता ही हास्याची पूर्वअट आहे. ‘मॅड’च्या आरंभीच्या अंकांत मात्र उलटे घडते, कारण हृदय आधीपासून बधिर केले गेलेले आहे, ते जाहिरातीने, साच्यातल्या नायकाने आणि गोड शेवटाने, आणि हसू आल्यावर त्याला पुन्हा जाग येते. ‘मॅड’च्या पानावरील उंदराने भर उन्हाळ्यातही पांढरे हातमोजे का घालावेत, असा प्रश्न एकदा पडला की त्या गोजिरवाण्या जगातले इतर अनेक नियमही प्रश्नास पात्र ठरतात. हॉब्जचे उत्तरही येथे लागू पडत नाही, कारण ‘मॅड’ वाचणारा मुलगा ज्याला हसत होता ते कालपर्यंत त्याने स्वतः मनोभावे मानलेले होते. त्या हसण्यात थोरवीच्या जाणिवेपेक्षा आपण फसलो होतो याची कबुली अधिक होती.

या हसण्याची धर्माशी असलेली नाती दोन आहेत आणि ती परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्सविरोधी पुस्तक गाजले, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या, आणि सरकारी बंदी टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली, जिच्यात कोणत्याही धार्मिक वा वांशिक गटाची थट्टा कधीही मान्य होणार नाही असे कलम होते. एकमेकांशेजारी राहणाऱ्या समाजांच्या दृष्टीने या कलमामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण त्यामागे धर्माविषयीची एक ठरावीक समजूतही होती : धर्म ही अशी वस्तू आहे की तिला हसण्याचा स्पर्श होताच ती भंगते. बायबलची साक्ष वेगळी आहे. कर्मेल पर्वतावर एलिया हा संदेष्टा बआलच्या पुरोहितांना तुमचा देव झोपला असेल, जरा मोठ्याने हाका मारा, असे डिवचतो. आणि यशयाच्या ग्रंथात एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर भाकरी भाजून उरलेल्या अर्ध्याचा देव घडवणाऱ्या कारागिराचे चित्र येते. हे उतारे परधर्मीयांविषयीचे असल्याने आज ते वाचताना सावधगिरी हवी. त्यांतला विचार मात्र पंथापलीकडचा आहे, आणि तो असा की, माणसाने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूपुढे भयभीत होऊन नमावे यात काहीतरी हास्यास्पद आहे. कर्ट्झमन यांनी धर्मग्रंथांना क्वचितच लक्ष्य केले. विसाव्या शतकाच्या मध्यावरचा अमेरिकन समाज ज्या गोष्टींपुढे खरोखर नमत होता, म्हणजे जाहिरात, चित्रवाणी, यशस्वी पुरुष आणि विक्रीयोग्य सौंदर्य, त्यांच्याकडे त्यांचा रोख होता. या अर्थाने त्यांचे विडंबन त्या जुन्या परंपरेतले ठरते, मग ते स्वतःला धार्मिक म्हणवोत वा न म्हणवोत.

येथपर्यंतचे उत्तर समाधानकारक आहे. दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात १९५५ पासून होते, जेव्हा जुलैच्या चोविसाव्या अंकापासून ‘मॅड’ कॉमिक्सचे रूप टाकून मोठ्या आकाराचे मासिक बनले आणि त्यामुळे आचारसंहितेच्या कक्षेबाहेर गेले. काही महिन्यांतच, १९५६ मध्ये, कर्ट्झमन यांनी नियतकालिकाच्या मालकीत निम्म्याहून अधिक वाटा, म्हणजेच अंतिम निर्णयाचा अधिकार मागितला; गेन्स यांनी तो नाकारला; कर्ट्झमन बाहेर पडले आणि आपले बरेच चित्रकार बरोबर घेऊन गेले. फेल्डस्टाइन यांच्या हाती गेलेल्या ‘मॅड’चा खप पुढे १९७० च्या दशकात वीस लाखांच्या वर पोहोचला. ज्याने ते निर्माण केले त्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

पुढच्या दहा वर्षांत कर्ट्झमन यांनी जणू एक प्रयोगमालाच केली. ‘प्लेबॉय’चे प्रकाशक ह्यू हेफ्नर यांच्या पैशावर १९५७ मध्ये निघालेले देखणे, महागडे ‘ट्रम्प’ हेफ्नर यांच्या आर्थिक अडचणींमुळे दोन अंकांत आटोपले. त्यानंतरचे ‘हम्बग’ चित्रकारांनी आणि लेखकाने स्वतःचे पैसे घालून काढले. शेवटचा शब्द पूर्णपणे त्यांचा होता, पण छोट्या आकारामुळे दुकानांत ते दिसेना, वितरण कोलमडले आणि अकरा अंकांनंतर सगळे भांडवल बुडाले. १९५९ चे ‘जंगल बुक’ हे एकट्याने लिहिलेले, एकट्याने चितारलेले पुस्तक आज चित्रकथेच्या इतिहासात मानाचे गणले जाते, पण तेव्हा त्याला ग्राहक मिळाले नाहीत. १९६० ते १९६५ पर्यंत चाललेल्या ‘हेल्प!’मध्ये पैसा इतका तुटपुंजा होता की अंक सजवायला जुन्या चित्रपटांतील छायाचित्रे वापरावी लागत. तरी ग्लोरिया स्टायनम आणि टेरी गिलियम यांच्यासारखी पुढे नावारूपाला आलेली माणसे तेथे साहाय्यक म्हणून उमेदवारी करून गेली आणि रॉबर्ट क्रम्ब यांच्या आरंभीच्या कामाला तेथे जागा मिळाली. या क्रमातून निघणारा धडा कठोर आहे : जिथे स्वातंत्र्य पूर्ण होते तिथे अन्न नव्हते, आणि जिथे अन्न होते तिथे ते देणाऱ्याची मर्जी होती.

कर्ट्झमन यांना हे कळत नव्हते असे नाही. ते त्यांनी कथेतच मांडले होते. ‘जंगल बुक’मधील एका कथेत गुडमन बीव्हर नावाचा आदर्शवादी तरुण एका हलक्या प्रतीच्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागतो आणि तिथली हवा अंगात भिनत जाऊन अखेर आपल्या वरिष्ठांसारखाच निर्ढावतो. पुढे ‘हेल्प!’साठी चित्रकार विल एल्डर यांच्या साथीने त्यांनी हेच नाव एका वेगळ्या पात्राला दिले. हा नवा गुडमन व्होल्तेरच्या कांदीदची आठवण करून देणारा निरागस जीव आहे. सगळे जग वाकडे झाले तरी ते सरळच आहे असे मानून तो चालत राहतो. १९६२ च्या आरंभी छापलेल्या एका कथेत हा गुडमन आपल्या गावी परततो आणि त्याला दिसते की शाळेतले जुने सोबती, जे आर्ची कॉमिक्समधल्या पात्रांची उघड विडंबने आहेत, ‘प्लेबॉय’ मासिकाने शिकवलेल्या विलासात बुडाले आहेत. आणि त्यांच्या म्होरक्याने हे वैभव सैतानाशी करार करून, आत्मा विकून मिळवलेले आहे. फाउस्टच्या कथेत माणूस ज्ञानासाठी आत्मा विकतो. या कथेत तो मोटार, मद्य आणि मौजमजेसाठी विकला जातो, आणि करार मोडून काढावा असे कोणाला वाटतही नाही. आर्चीच्या प्रकाशकांनी कायद्याचा बडगा उगारला, नुकसानभरपाई आणि माफी घेतली, आणि पुनर्मुद्रणानंतरच्या दुसऱ्या तडजोडीत या कथेचे हक्कच त्यांच्याकडे गेले, त्यामुळे अनेक दशके ती वाचकांना उपलब्ध नव्हती.

ज्यांच्या मासिकावर ही कथा बेतलेली होती त्या हेफ्नर यांना मात्र ती आवडली. गुडमनची कल्पना उलटी करून, निरागस तरुणाच्या जागी निरागस तरुणी आणून, त्याच वर्षी ‘प्लेबॉय’मध्ये ‘लिटल ॲनी फॅनी’ सुरू झाली आणि ती १९८८ पर्यंत चालली. एल्डर यांनी पातळ रंगांचे थरावर थर देऊन प्रत्येक चौकट एखाद्या जुन्या तैलचित्रासारखी उजळवली. एकेका भागावर अनेक आठवडे मेहनत होई. मोबदला चांगला होता. परंतु प्रत्येक भागाचा कच्चा आराखडा हेफ्नर यांच्याकडे जाई, सविस्तर सूचनांसह परत येई, आणि ज्या चित्रकाराने कधी दुसऱ्याला आपल्या आराखड्यातील रेघ हलवू दिली नव्हती तो आता दुसऱ्याच्या सूचनेवरून आपली रेघ हलवत असे. विषय काळानुरूप असत, थट्टाही अनेकदा नेमकी असे, तरी प्रत्येक कथेला एक बंधन होते : नायिकेचे कपडे कुठल्यातरी निमित्ताने उतरलेच पाहिजेत. ज्या नजरेचा उपहास करायचा त्या नजरेचे समाधान करणे ही प्रकाशनाची अट झाली.

या टप्प्याला आत्मविक्रय म्हणणे सोपे आहे, आणि गुडमनच्या कथेमुळे तो आरोप आयताच हाती येतो. तो अन्यायकारक आहे. पहिले कारण असे की, उपजीविकेच्या स्पर्शाने उपहास विटाळतो हे गृहीतकच टिकत नाही. ‘मॅड’ स्वतः घरखर्चाच्या हिशेबातून जन्मला होता आणि तरीही खरा होता. गेन्स पैसे देत असत, पण चौकटीत काय यावे हे सांगत नसत. दुसरे कारण असे की, सैतानाच्या करारात आत्मा विकणारा भोगासाठी विकतो, तर कर्ट्झमन यांनी संसार चालवण्यासाठी, दोन नियतकालिके बुडाल्यावर, स्वतंत्र राहण्याचे सगळे मार्ग चालून पाहिल्यावर ही नोकरीवजा बांधिलकी पत्करली. भिक्षेवर जगणाऱ्या संन्याशालाही दात्याच्या अन्नाचा दोष लागतो की नाही याची चर्चा धर्मशास्त्राने केली आहे, कारण कोणाच्याच हातचे न खाता जगणारा माणूस समाजात असू शकत नाही, हे त्याला माहीत होते. गृहस्थाला तर ही चर्चा अधिकच लागू आहे.

माणूस दोषी नाही म्हणून कृती निर्दोष ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत सांगायचे तर, हास्य अनौचित्यातून उपजते, पण ते अनौचित्य आहे हे दिसण्यासाठी कृतीच्या आत कुठेतरी औचित्याचे भान जागे असावे लागते. ‘सुपरड्यूपरमॅन’मध्ये ते भान नायिकेच्या नकारात आहे, ‘कॉर्प्स ऑन द इमजिन’मध्ये ते एकसारख्या चौकटींच्या असह्य संथपणात आहे. ‘ॲनी फॅनी’त असे भान ठेवायला जागाच राहिली नव्हती, कारण तिथे नकार देणारे पात्र मासिकाच्या धोरणाविरुद्ध गेले असते. ॲनीला काहीच कळत नाही, तिच्याभोवतीच्या पुरुषांना काहीच नको असते ती सोडून, आणि वाचकाला आपण फसलो होतो असे कधीच वाटत नाही. उलट त्याला हवे ते मिळते आणि वर आपण विलासाला हसलो याचे समाधानही मिळते. कौशल्य तेच, कष्ट पूर्वीपेक्षा जास्त, तरी सत्याशी असलेले नाते सैल झालेले, अशी ही स्थिती आहे. उपहासाला सगळ्यात मोठा धोका प्रतिबंधाचा असतो असे मानले जाते. कर्ट्झमन यांच्या बाबतीत आचारसंहितेने जे साधले नाही ते उदार आश्रयदात्याने साधले, आणि त्यासाठी त्याला काही दुष्ट असावे लागले नाही, विनोदाची मनापासून आवड असलेला गुणग्राहक असणे पुरेसे ठरले.

‘ॲनी फॅनी’च्या सव्वीस वर्षांच्या मध्यावर, १९७३ पासून, कर्ट्झमन न्यूयॉर्कच्या ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्‌स’मध्ये व्यंगचित्रकला शिकवू लागले होते. त्याच काळात अमेरिकेतील ‘अंडरग्राउंड’ चित्रकथाकार, म्हणजे प्रस्थापित वितरणाबाहेर राहून स्वतःच छापणारे आणि विकणारे कलावंत, त्यांना आपले गुरू मानत होते. क्रम्ब त्यांपैकीच एक, आणि पुढे ज्यूंच्या संहारावर ‘माउस’ ही चित्रकथा रचणारे आर्ट स्पीगलमनही. ‘माउस’मध्ये उंदीर-मांजरांच्या बाळबोध चित्रकथेचा साचा घेऊन त्यात छळछावण्यांचे वास्तव ठेवले आहे, आणि साचा व वास्तव शेजारी ठेवण्याची ही रीत ‘टू-फिस्टेड टेल्स’ आणि ‘मॅड’ यांनी मिळून घडवलेली आहे. विडंबनाचे तंत्र आणि शोकाचा आशय तिथे वेगळे काढताच येत नाहीत. या पिढीने कर्ट्झमन यांच्याकडून संशोधनाची शिस्त, चौकटींची लय आणि प्रसिद्ध साच्यांकडे संशयाने पाहण्याची दृष्टी घेतली, पण त्यांच्या कारकिर्दीतला दुसरा धडाही तिने वाचला होता : आपल्या पानांचे हक्क स्वतःकडे राखण्याचा आग्रह तिने धरला, आणि बहुतेकांनी त्यासाठी दीर्घकाळ कमी पैशांत राहणे पत्करले.